कोचीचे प्राधिकरण आणि कोकणचा धक्का

'सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण' हे नाव सबंध उच्चारणारा माणूस ससून डॉकवर शोधून सापडायचा नाही. तिथे सगळे 'एम्पिडा' म्हणतात, आणि तेही बहुधा कपाळाला आठी घालूनच. कारण हे नाव निघते ते नोंदणी अडली, प्रमाणपत्र लांबले किंवा कंटेनर परत आला म्हणजे. माल सुखरूप पोहोचला की एम्पिडाची आठवण कुणाला येत नाही. या संस्थेने २०२२ साली पन्नास वर्षे पूर्ण केली. तिचा इतिहास कोचीत बसून लिहिला की तो निर्यातीच्या चढत्या आकड्यांचा होतो. आपल्या किनाऱ्यावरून पाहिले तर त्याच आकड्यांतून वेगळे काही दिसते. समुद्राच्या नावाने स्थापन झालेली ही संस्था हळूहळू तळ्यातल्या कोळंबीची झाली, आणि जाळ्यातल्या मासळीशी तिचा संबंध बराचसा कागदपत्रांपुरता उरला. काहींना हे म्हणणे कडवट वाटेल, म्हणून ते मुळापासून सांगतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातून बाहेर जाणारी मासळी जवळजवळ सगळी सुकी असे. सुकी कोळंबी, खारवलेले मासे, मुशीचे पर असा माल सिलोन, ब्रह्मदेश, सिंगापूर, हाँगकाँगकडे जाई. गोठवून माल पाठवायचा तर बर्फाचा कारखाना हवा, शीतगृह हवे, जहाजात थंड कोठार हवे आणि या सगळ्यात पैसा घालणारा धाडसी माणूस हवा. ते धाडस कोचीने केले. १९५३ साली कोचीन कंपनीने गोठवलेली कोळंबी अमेरिकेला रवाना केली. त्याच वर्षी केरळात कोल्लमजवळ भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. मच्छीमारांची मिळकत वाढावी, त्यांचे आरोग्य सुधारावे हा त्याचा हेतू होता. पण इंजिनाच्या होड्या आल्या, ट्रॉल जाळी आली, आणि तळाची कोळंबी भरभरून वर येऊ लागली. जी लहान कोळंबी केरळात माडाच्या आळ्यात खत म्हणून टाकत, तिला डॉलरमध्ये भाव मिळू लागला.

मुंबईसारखे मोठे मासळी बंदर असताना निर्यातीची संस्था कोचीला का गेली, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातो. उत्तर सोपे आहे. मुंबईच्या मासळीला गिऱ्हाईक दारातच होते. ससून डॉक १८७५ पासूनचा. तिथे पहाटे उतरलेले पापलेट दुपारच्या आत शहरभरच्या मंडयांत पोचून संपायचे. सातपाटीच्या नाखव्याला परदेशी बाजार शोधण्याची गरजच नव्हती. त्याची अडचण बर्फाची आणि दलालाच्या हिशेबाची होती, आणि तिच्यावर उपाय म्हणून गावोगाव मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या. केरळच्या कोळंबीला मात्र घरचे गिऱ्हाईक नव्हते. परदेशी बाजार मिळाला तरच तिला मोल. ज्याला गरज होती त्याच्या दारात संस्था गेली, यात कोणाचे कारस्थान नव्हते. पण त्याचा एक परिणाम पुढे कायम राहिला: आपला किनारा सहकाराच्या वाटेने गेला, कोची निर्यातीच्या वाटेने, आणि दोघांची गाठ फार उशिरा पडली.

१९६१ साली केंद्र सरकारने सागरी उत्पादनांच्या निर्यातवाढीसाठी एक परिषद स्थापन केली. १९६१-६२ या वर्षात देशाची मासळी निर्यात होती १५,७३२ टन आणि तिची किंमत ३ कोटी ९२ लाख रुपये. परिषद ही व्यापाऱ्यांना एकत्र आणणारी, बाजाराची माहिती देणारी, प्रदर्शने भरवणारी मंडळी होती. तिच्या हाती हुकूम चालवण्याचा अधिकार नव्हता. एखाद्याने सडका माल गोठवून पाठवला आणि साऱ्या देशाचे नाव खराब केले, तरी परिषद त्याला समज देण्यापलीकडे काही करू शकत नसे. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. गोठवलेल्या कोळंबीच्या धंद्यात एकाएकी अर्थ आला आणि कोचीच्या खाडीकाठी कारखान्यांची रांग लागली. इतका पैसा फिरू लागल्यावर नुसती परिषद पुरणार नव्हती.

१९७२ च्या तेराव्या कायद्याने संसदेने प्राधिकरणाची निर्मिती केली आणि २४ ऑगस्ट १९७२ रोजी ते अस्तित्वात आले. जुन्या परिषदेचे काम त्याच्याकडे आले, मुख्यालय कोचीतच राहिले. मंत्रालय मात्र लक्षात ठेवण्याजोगे: वाणिज्य. शेतीचे नाही, मत्स्यव्यवसायाचेही नाही. मासेमारी नौका, प्रक्रिया कारखाने, साठवणुकीची जागा, माल वाहून नेणारी वाहने आणि निर्यातदार यांची नोंदणी करणे, मालाचे मानदंड ठरवणे, बाजाराची आकडेवारी ठेवणे, उद्योगाला अर्थसाहाय्य देणे ही कामे कायद्याने त्याच्याकडे सोपवली.

सदस्य कोण असावेत तेही कायद्यात आहे. अध्यक्ष केंद्र सरकारने नेमायचा. संसदेचे तीन सदस्य, केंद्राच्या खात्यांचे प्रतिनिधी, आणि त्याखेरीज वीसपर्यंत सदस्य. त्यांत किनारी राज्यांची सरकारे, नौकांचे मालक, कारखान्यांचे मालक, व्यापारी, या उद्योगात राबणारी माणसे आणि संशोधन संस्था यांचे हित पाहणारे लोक घ्यायचे. कागदावर ही रचना उत्तम आहे. साऱ्या साखळीला एका टेबलाभोवती बसवणारा असा दुसरा कायदा या धंद्यात नाही. गोम एवढीच की संसदेचे तीन सोडले तर बाकीचे सदस्य नेमले जातात, निवडले जात नाहीत. दिल्लीत ज्याची ओळख त्याचे नाव यादीत, हे आपल्या देशात वेगळे सांगायला नको. आणि तांडेलाची दिल्लीत ओळख असण्याचा संभव कमीच.

पहिल्या दशकात काम नीट झाले. सुरुवातीला अमेरिका हेच मोठे गिऱ्हाईक होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जपान पुढे गेला. प्राधिकरणाने टोकियो आणि न्यूयॉर्कमध्ये कार्यालये उघडली. जपानी खरेदीदार चोखंदळ. कोळंबीच्या पाठीवर काळा डाग पडला की भाव उतरला, एका ठोकळ्यात लहानमोठी कोळंबी मिसळली की माल नाकारला. या चोखंदळपणामुळे आपल्या धक्क्यांवरही 'काउंट' आला. एका पौंडात किती नग बसतात त्यावर भाव: सोळा ते वीसचा एक, एकवीस ते पंचवीसचा दुसरा. पूर्वी टोपलीवर पुकारा व्हायचा, आता बोट धक्क्याला लागण्याआधी काउंट विचारला जातो. टोकियोच्या बाजारातला चढउतार रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या लिलावात उमटू लागला तो या काळात.

१९७६ च्या कायद्यानंतर किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर भारताचा आर्थिक हक्क आला. एवढा समुद्र आपला, पण तिथे जाणाऱ्या बोटी आपल्याकडे नाहीत, म्हणून सरकारने आधी परदेशी नौका भाड्याने आणू दिल्या आणि १९९१ च्या धोरणाने परदेशी कंपन्यांशी भागीदारीचे दार उघडले. त्याविरुद्ध उठलेले आंदोलन हा या धंद्याच्या इतिहासातला दुर्मीळ प्रसंग आहे. एरवी एकमेकांची जाळी कापणारे पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलरवाले एका बाजूला आले, त्यांच्या जोडीला प्रक्रिया उद्योगातलेही लोक आले. मच्छीमारांचे नेते थॉमस कोचेरी यांनी १९९५ साली पोरबंदरला उपोषण केले. सरकारने मुरारी समिती नेमली आणि तिने या परवान्यांविरुद्ध शिफारस केली. किनाऱ्याचे प्रतिनिधित्व रस्त्यावर झाले, त्यासाठी कायद्याने आखलेले टेबल वापरले गेले नाही. प्राधिकरणाने निर्यात वाढवायची आणि धोरणाविरुद्ध बोलायचे कोळ्यांनी, अशी विभागणी तेव्हापासून रूढ झाली.

दरम्यान कोचीचे लक्ष समुद्राकडून जमिनीकडे वळले होते. समुद्रातून मिळणारी कोळंबी एका मर्यादेत अडकली होती, भाव मात्र चढत होता. तळ्यात कोळंबी वाढवायची तर बी हवे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्राधिकरणाने आंध्रात विशाखापट्टणमजवळ आणि ओरिसात गोपाळपूरला कोळंबीबीजाची मोठी केंद्रे उभारली आणि नेल्लोरच्या भातशेतांची तळी झाली. टायगर कोळंबीने काही वर्षे अक्षरशः सोने पिकवले. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूरोग आला आणि तळीच्या तळी मेली. पाठोपाठ ११ डिसेंबर १९९६ ला एस. जगन्नाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली व्यापारी कोळंबीशेती काढून टाकण्याचा निकाल दिला. खारे झालेले विहिरींचे पाणी, नापीक झालेली शेते, गावकऱ्यांच्या बंद झालेल्या वाटा असे सारे त्या खटल्यात पुढे आले होते. पुढे २००५ साली किनारी मत्स्यशेतीसाठी वेगळा कायदा आणि वेगळे प्राधिकरण आल्यावर या शेतीला पुन्हा कायदेशीर पाया मिळाला.

त्या निकालानंतरचे वर्ष, १९९७, या संस्थेच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे आहे असे मला वाटते. युरोपीय संघाचे निरीक्षक भारतात आले, कारखाने पाहून गेले, आणि ऑगस्टपासून भारतीय मासळीवर बंदी आली. त्यांचे आक्षेप माशावर कमी आणि माशाला लागणाऱ्या हातावर, पाण्यावर, बर्फावर जास्त होते. कोळंबी सोलण्याचे काम तोवर कारखान्याच्या बाहेर, वस्तीतल्या शेडमध्ये चाले. बायका उकिडव्या बसून जमिनीवर ओतलेल्या ढिगातून कोळंबी सोलत, सोललेल्या मालाच्या वजनावर पैसे घेत. बर्फ कुठल्या पाण्याचा याची चौकशी कोणी करत नसे. अमेरिकेनेही त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून प्रत्येक टप्प्यावर धोका ओळखून तो रोखण्याची 'हॅसप' पद्धत सक्तीची केली.

बंदी पुरती उठायला काही महिने लागले. कारखाने एकेक करून तपासून मान्य केले गेले. निर्यात तपासणी परिषद, कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि प्राधिकरण यांची संयुक्त पाहणी सुरू झाली. प्राधिकरणाने सोलाईची शेड कारखान्यात आणण्यासाठी, शीतखोलीसाठी, लहान प्रयोगशाळेसाठी अनुदान दिले. फरशी, क्लोरीनचे पाणी, पाय बुडवण्याची कुंडी, डोक्यावर टोपी, नखे कापलेली. आज तळोज्याच्या किंवा रत्नागिरीच्या कोणत्याही प्रक्रिया कारखान्यात शिरताना जो विधी करावा लागतो तो सगळा त्या बंदीने शिकवला. ज्या देशांनी नाकारले त्याच देशांत आज आपला माल मानाने विकला जातो, हे श्रेय प्राधिकरणाला द्यायला हवे, आणि इथे हात आखडता घेण्याचे कारण नाही.

पण त्याच सुधारणेची दुसरी बाजू स्मरणिकांत येत नाही. वस्तीतली शेड बंद झाली तेव्हा घर सांभाळून दोन पैसे मिळवणारी बाई त्या कामातून बाहेर पडली. तिच्या जागी गावाबाहेरून आणलेल्या तरुण मुली आल्या, कारखान्याच्या आवारातच राहणाऱ्या. केरळातून गुजरात-महाराष्ट्राच्या कारखान्यांत कामाला आलेल्या मुलींच्या राहणीबद्दल, कामाच्या तासांबद्दल त्या काळात तक्रारी झाल्या. कायद्यातल्या 'या उद्योगात राबणारी माणसे' या शब्दांत त्याही बसतात. प्राधिकरणाच्या अहवालांत फरशीचा चौरस मीटरमध्ये हिशेब आहे, त्यांचा तेवढा नाही.

युरोपची अडचण सुटते तोच अमेरिकेची आली, आणि तीत आपल्याला शिकण्यासारखे बरेच होते. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या आणि दक्षिण अटलांटिक किनाऱ्याच्या आठ राज्यांतले कोळंबी पकडणारे बोटवाले २००२ साली एकत्र आले. 'सदर्न श्रिम्प अलायन्स' ही त्यांची संघटना. बाहेरची तळ्यातली कोळंबी फार स्वस्तात येते आणि आमचा धंदा बुडतो, ही त्यांची तक्रार. त्यांनी वकील लावले, हिशेब मांडले आणि भारतासह सहा देशांविरुद्ध डम्पिंगचा दावा आपल्या सरकारकडे जिंकला. २००५ पासून भारतीय कोळंबीवर सरासरी १० टक्क्यांच्या आसपास जादा शुल्क लागले. त्यावर वर्षभराच्या शुल्काइतका बाँड आगाऊ भरण्याची अटही आली. त्या बाँडविरुद्ध भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २००८ साली निकाल आपल्या बाजूने लागला. निर्यातदारांच्या संघटनेने आणि प्राधिकरणाने मिळून ही लढाई लढली, ती चांगली लढली. तरी मला त्या बाबतीत कौतुक वाटते ते समोरच्या पक्षाचे. त्यांच्या बोटी आपल्या ट्रॉलरपेक्षा फार मोठ्या नाहीत, माणसेही तशीच, कर्जात बुडालेली. त्यांनी आठ राज्यांचा मिळून एक आवाज केला आणि तो आपल्या राजधानीत पोहोचवला.

मग व्हॅनामी आली. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लॅटिन अमेरिकेतली ही पांढरी कोळंबी. तळ्यात दाटीने वाढते, पीक लवकर देते, रोगमुक्त जनकसाठा मिळतो. २००९ साली तिला परवानगी मिळाली. परदेशातून येणारा जनकसाठा आधी चेन्नईच्या जलीय विलगीकरण केंद्रात ठेवायचा; ते केंद्र प्राधिकरणाच्या राजीव गांधी मत्स्यशेती केंद्राने उभारले. पुढचा इतिहास आकड्यांतच वाचावा. २०११-१२ मध्ये निर्यात १६,५९७ कोटी रुपयांची. २०२२-२३ मध्ये १७,३५,२८६ टन आणि ६३,९६९ कोटी. २०२४-२५ मध्ये ती १६,९८,१७० टन आणि ६२,४०८ कोटी रुपये होती, आणि त्यांतले ४३,३३४ कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. म्हणजे मिळकतीत शंभरातले जवळजवळ सत्तर रुपये कोळंबीचे, आणि त्या कोळंबीतला मोठा भाग तळ्यातला, पूर्व किनाऱ्यावरचा. संस्थेचे लक्ष तिकडे का, हे विचारायची गरज उरत नाही.

उरलेल्या तीस रुपयांत आपण आहोत. या तीस रुपयांची गोष्ट सांगणारे कोणी नाही म्हणून इथे थोडे थांबतो.

पश्चिम किनाऱ्याची निर्यात म्हणजे माकूल, बाला, राणी, थोडी समुद्रातली कोळंबी, शेवंड आणि मिळेल ते. माकूल पूर्वी आपल्याकडे फारसे कोणी विकत घेत नसे. युरोपने तिला भाव दिला. बाला चीनला जाते. राणी हा गुलाबी, काटेरी, बाजारात मागणी नसलेला मासा. तो कुटीच्या भावात जायचा. नव्वदच्या दशकात रत्नागिरीत गद्रे मरीनने सुरिमीचा कारखाना काढला आणि राणीचे नशीब पालटले. माशाचा गर काढायचा, थंड पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा, साखरेसारखे पदार्थ मिसळून ठोकळे गोठवायचे, म्हणजे सुरिमी. त्यापासून जपानी माणूस कामाबोको करतो आणि जगभर 'क्रॅब स्टिक' म्हणून जे विकले जाते तेही करतात. त्यात चिंबोरी नावालाही नसते. एका मासळीला दुसरीचे सोंग देऊन पैसे मिळवण्याचा हा धंदा रत्नागिरीने जगाच्या बाजारात नेला, त्याची नोंद या इतिहासात ठळक असली पाहिजे.

माकुलीचा त्रास वेगळा. तिच्या पोटातल्या ग्रंथीत कॅडमियम साचते, आणि युरोपात त्याची मर्यादा काटेकोर आहे. पोट नीट साफ झाले नाही, शाई आणि आतडे अंगाला लागले, की तपासणीत आकडा वर जातो आणि कंटेनर अडतो. हा दोष कारखान्यात दुरुस्त होत नाही. बोटीवर माल तासन् तास रचून ठेवला, बर्फ कमी पडला, पोट फुटले, तिथेच तो सुरू होतो. म्हणून निर्यातीचा खरा पहिला कारखाना म्हणजे बोटीचा खण. हे उमगायला प्राधिकरणाला पस्तीस वर्षे लागली. मासळीची प्रत आणि शाश्वत मासेमारी यांवर काम करणारी 'नेटफिश' ही संस्था प्राधिकरणाने सुरू केली तेव्हा प्रथमच त्याची माणसे ऑफिसातून उठून धक्क्यावर आली. बर्फ किती घालायचा, क्रेट का वापरायचे, खण कसा धुवायचा, लहान मासा का सोडायचा, चौकोनी आसाची जाळी कशी असते, हे सांगायला ती बंदराबंदरांतून हिंडू लागली. काम चांगले आहे, पण ते पुरेसे पोहोचलेले नाही. मिरकरवाड्याला दोन तासांचे शिबिर झाले म्हणून हंगामभर बर्फ स्वस्त होत नाही.

२०१० पासून युरोपात जाणाऱ्या पकडीच्या मासळीला पकड प्रमाणपत्र लागते. कोणत्या नोंदणीच्या बोटीने, कोणत्या भागात, केव्हा पकडले, हे सिद्ध करायचे आणि त्यावर प्राधिकरणाने शिक्का द्यायचा. आपल्या बोटवाल्याचा या संस्थेशी आलेला हा पहिला थेट संबंध. दलाल दहा बोटींचा माल एकत्र करतो, निर्यातदार पाच दलालांचा, आणि मग उलट्या दिशेने बोटीचा नंबर शोधायचा. पहिली काही वर्षे या कागदांनी धक्क्यावर जो गोंधळ घातला तो आठवून आजही लोक हसतात. पण चोरट्या मासेमारीविरुद्ध उभे राहायचे असेल तर हा कागद आपल्याच हातातले हत्यार आहे, हे आपण अजून ओळखलेले नाही.

कासवाचा प्रश्न त्याहून चमत्कारिक आहे. जाळ्यात शिरलेले कासव बाहेर पडावे म्हणून ट्रॉलला लावण्याचे 'टेड' नावाचे साधन ज्या देशात सक्तीचे नाही, त्या देशाची समुद्रातली कोळंबी अमेरिका घेत नाही. भारताने याविरुद्ध नव्वदच्या दशकात इतर देशांबरोबर जागतिक व्यापार संघटनेत दावाही लावला होता. २०१९ पासून भारताच्या पकडीच्या कोळंबीला अमेरिकेचे दार बंद आहे. तळ्यातल्या कोळंबीला त्याची झळ नाही, झळ आपल्याला. आणि हे कोणाला, तर ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर गावकरी ऑलिव्ह रिडलेची अंडी राखून पिल्ले समुद्रात सोडतात, त्या जिल्ह्याच्या बोटींना. प्राधिकरणाने मत्स्य तंत्रज्ञान संस्थेबरोबर आपल्या समुद्राला योग्य अशा टेडच्या चाचण्या केल्या आहेत. आता राज्याने नियम करायचा, बोटवाल्याने बसवायचे, आणि टेडमुळे सुटणाऱ्या थोड्या मासळीची भरपाई कोणी द्यायची ते ठरवायचे.

इथेच खरी अडचण येते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्यापलीकडचा समुद्र केंद्राचा, आणि २०१९ पासून केंद्रात मत्स्यव्यवसायाचे मंत्रालय वेगळे. निर्यात वाणिज्य मंत्रालयाची. मासा एकच, पण तो पाण्यात असताना एका खात्याचा आणि बर्फात पडला की दुसऱ्याचा. प्राधिकरण म्हणते, पकडीचे नियम आमच्या हाती नाहीत. राज्य म्हणते, भाव आमच्या हाती नाही. दोन्ही खरे आहे आणि दोघांच्या मध्ये पापलेट संपत चालले आहे. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा जाहीर केले. सातपाटीच्या मच्छीमारांची ती मागणी होती, आणि मागणीमागे अभिमानापेक्षा धास्ती जास्त होती. पकडीच्या मासळीसाठी किमान आकार ठरवण्याचे कामही राज्याने हाती घेतले. पण लहान पापलेट विकत घेणाऱ्याला कोणी अडवणार नसेल तर पकडणारा थांबायचा नाही. कारखान्याची नोंदणी ज्याच्या हातात, त्या प्राधिकरणाने किमान आकाराखालचा माल घेणाऱ्याची नोंदणी रोखली, तर हा नियम एका हंगामात लागू होईल. राज्याला ते जमणार नाही.

थोडे जमेचेही सांगायला हवे. राजीव गांधी केंद्राच्या तमिळनाडूतल्या उबवणीगृहातून चिंबोरीचे बी येऊ लागल्यावर सिंधुदुर्गात खाडीकाठच्या बचत गटांनी आणि शेतकऱ्यांनी कांदळवनालगत कुर्ल्या वाढवून पाहिल्या. जानेवारी २०१८ मध्ये प्राधिकरण आणि निर्यातदारांच्या संघटनेचे आंतरराष्ट्रीय मासळी प्रदर्शन गोव्यात मडगावला भरले, आणि जवाहरलाल नेहरू बंदर मासळी निर्यातीत देशातल्या आघाडीच्या बंदरांपैकी आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले तेव्हा पहिला फटका कोळंबीला बसला, कारण २०२४-२५ मध्ये एकट्या अमेरिकेने आपल्याकडून ३,४६,८६८ टन मासळी घेतली होती. एका गिऱ्हाइकावर आणि एका जातीवर इतका भार टाकल्याचे ते फळ. त्या वर्षी कोचीत पुन्हा युरोप, चीन, जपान, रशिया यांची नावे ऐकू आली. माकूल, बाला, सुरिमी यांची चौकशी वाढली. तीस रुपयांच्या वाटेकऱ्यांना ही संधी आहे.

तेव्हा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मच्छीमार संस्था, बोटमालकांचे संघ आणि कारखानदार यांना एक विनंती. प्राधिकरणावर सदस्य नेमण्याची वेळ पुढच्या खेपेस येईल तेव्हा प्रत्येकाने आपापले नाव घेऊन दिल्लीला जाऊ नये. एकत्र बसून बोटमालकांच्या जागेसाठी एक आणि कारखान्यात राबणाऱ्यांच्या जागेसाठी एक, अशी दोनच नावे ठरवावीत. त्यातले एक नाव बाईचे असावे. आणि दोघांनाही लिलाव आणि निर्यात, दोन्ही कळत असावे. ती नावे ठरावासह राज्याच्या मत्स्यव्यवसाय आयुक्तांमार्फत वाणिज्य मंत्रालयाकडे पाठवावीत, आणि ठरावाची एक प्रत कोचीला.